एकेचाळीस जणांचं एक घड्याळ

६ जुलै १९९८, सोमवार

आजवर मी लिहिली ती फक्त हिशेबाची वही. तिच्यात दूध, धोबी, गिरणी, देवाचं तेल यांना रकाने आहेत, मनाला नाही. पण आमची सून मृदुला तिच्या आठवीच्या मुलांकडून इंग्रजीत रोजनिशी लिहून घेते. त्यातली एक वही उरली, ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, तुम्हीही लिहा. रोज चार ओळी. मनात येईल ते."

"आणि चुकलं तर?"

"तपासणार कोण आहे?"

तिच्या शिकवण्यातलं हेच मला कळत नाही. तपासणारं कोणी नसेल तर लिहायचं कशाला? तरी वही वाया घालववेना, म्हणून बसले आहे. मराठीतच लिहीन. इंग्रजीत माझ्या मनात काही येत नाही.

इंग्रजी मला येत नाही असं मात्र नाही. मॅट्रिकला अडतीस मार्क होते. थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीचा निबंध आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. डोंगर मी पावागडचाच पाहिला, तोही चढताना खाली मान घालून. पण निबंधात मी देवदार पाहिले, धुकं पाहिलं, घोड्यावर बसले, आणि शेवटी माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

१४ जुलै, मंगळवार

शेजारच्या शैलाबेन ओट्यावर गवार निवडायला आल्या. आधी पावसाचं, मग पाण्याच्या नळाचं, आणि मग हळूच, "कुसुमबेन, खोटुं न लगाडता, पण तमारी वहु भणावे छे के रमाडे छे?" राग मानू नका, पण सून शिकवते की खेळवते!

त्यांचा मयंक मृदुलाच्याच वर्गात आहे. म्हणे वर्गात मुलं जोडीजोडीने बसतात, एक दुकानदार होतो, दुसरा गिऱ्हाईक, आणि इंग्रजीत भाव करतात. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून देत नाहीत. मयंकने उत्तर मागितलं तर टीचर म्हणाल्या, तुझं तू सांग.

"त्याचं त्याला येत असतं," शैलाबेन म्हणाल्या, "तर निशाळेत कशाला मोकललं असतं?"

शाळेत कशाला पाठवलं असतं, म्हणे! गवारीच्या शिरा मात्र मी फार बारीक काढल्या.

संध्याकाळी मृदुलाला म्हटलं, "आमच्या वेळी मास्तर आधी अर्थ सांगायचे, मग उत्तर द्यायचे, मग पाठ करून घ्यायचे. तोंड उघडायची वेळच यायची नाही. तरी पास झालो."

"मग उघडा ना आता. बोला माझ्याशी इंग्रजीत."

मी सहलीचा निबंध म्हणून दाखवला. एका दमात. तिने सगळा ऐकला, अगदी मन लावून, आणि इंग्रजीतच विचारलं, तिथे तुम्हाला थंडी वाजली का?

ते निबंधात नव्हतं. मी भाताला फोडणी द्यायला उठले.

२२ जुलै, बुधवार

आज सगळं नीट कळलं, आणि जेवण गेलं नाही. मृदुलाची शाळेतली दोन वर्षांची उमेदवारी ऑगस्टअखेर संपते. वीस तारखेला तिचा पाठ बघायला शाळेचे ट्रस्टी लक्ष्मीकांतभाई स्वतः वर्गात बसणार. त्यांचं मांडवीला तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. सोबत फतेगंजच्या ट्रेनिंगमधल्या बाई. पाठ पटला तर कायमची ऑर्डर, नाहीतर दिवाळीपासून दुसरी सोय बघा. पालकांच्या तक्रारी गेल्या आहेत. गवार निवडणाऱ्या आमच्या एकट्याच शैलाबेन नाहीत म्हणायच्या.

आमच्या मुलाची, यशराजची, कंपनी गेल्या वर्षी बंद पडली. तो सुरतेला मिळेल ते काम करतो, रविवारी येतो, आणि आल्यावर उशिरापर्यंत झोपतो. घर उभं आहे ते मृदुलावर. आणि ही मुलांना भाजीवाला भाजीवाला खेळवते!

ह्यांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा तिला."

हे पेपर खाली न घेता म्हणाले, "मी रेल्वेत इंजिनं दुरुस्त केली. इंग्रजी माझ्या हाताखाली कधी आलं नाही."

मृदुला रोज सकाळी सातलाच फतेगंजला जाते. तिथे नव्या पद्धतीचं ट्रेनिंग आहे. तिथून परभारे दुपारची शाळा. घर सकाळभर रिकामं. देवापुढे बसले आणि सुचलं. मला सुचतं तेव्हा देवापुढेच सुचतं, त्यामुळे चूक कोणाची ते ठरवणं अवघड जातं.

३ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

सप्ताह बसवला.

पोथीचं पारायण आपण सात दिवसांत करतो. अर्थ कळो न कळो, अक्षर कानावर पडलं की फळ मिळतं असं माझी आई सांगायची. मग आठवीच्या इंग्रजी रीडराने काय पाप केलं आहे? धडे चौदा, दिवस सात. रोज दोन. मृदुलाच्या वर्गातली आमच्या घडियाळी पोळीतली, म्हणजे आमच्या गल्लीतली, सहा मुलं गोळा केली. नियम मोजके: आंघोळ करून यायचं, पाय धुऊन आत यायचं, कांदालसूण नाही, मधे उठायचं नाही. पाटावर रीडर ठेवला. हळदकुंकू वाहावं की नाही याचा विचार केला. मुखपृष्ठावर विमान होतं, म्हणून नुसती फुलं वाहिली.

मी म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं. कठीण शब्द लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला गुजराती लिपीत लिहून दिले. शेवटी प्रसाद, शेंगदाणे आणि खडीसाखर.

हे हिंचक्यावरून म्हणाले, "मास्तरीणबाई, आरती कोणत्या भाषेत?"

मृदुलाला यातलं काही सांगितलेलं नाही. नवस बोलून दाखवला तर फळत नाही.

५ ऑगस्ट, बुधवार

सहाची सतरा झाली. पाचवीची, सहावीचीही येऊन बसतात. पालक दारात उभे राहून ऐकतात. शैलाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "आने कहेवाय भणवानुं!" याला म्हणायचं शिकणं. मी नम्रपणे मान खाली घातली. खरं तर हसू लपवायला घातली.

सगळ्यांत हुशार निघाली ती पद्मा. मागच्या गल्लीतली, मृदुलाच्याच वर्गातली. जूनमध्ये तिचे वडील अचानक गेले. दवाखान्यात कंपाउंडर होते. पोर तेव्हापासून बोलतच नाही, पण पाठांतर असं की एकदा सांगितलेला धडा दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. मधे श्वाससुद्धा घेत नाही. मी सगळ्यांना सांगितलं, शिका हिच्याकडून. प्रसाद ती तिथे खात नाही, धाकट्या भावासाठी ओढणीच्या टोकात बांधून नेते. मी तिला दोन मुठी देते.

९ ऑगस्ट, रविवार

आज समाप्ती. रविवारी मृदुला आणि यशराज घरी, म्हणून समाप्ती शैलाबेनकडे केली. त्यांच्याकडे पापड लाटायला जाते असं खोटं सांगितलं, तेही श्रावणात. "आई, पावसाळ्यात पापड?" मृदुलाने विचारलं. मी म्हटलं, "गुजरात्यांचं काही सांगता येत नाही." देव बघून घेईल. त्याच्याच कामाला निघाले होते.

चौदाही धडे मुलांना मुखोद्गत. मलाही. यातलं मला किती कळलं हे मला कोणी विचारलं नाही, आणि मी मुलांना विचारलं नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार

मृदुलाची फाइल टेबलावर उघडी राहिली होती. झाकून ठेवावी म्हणून हात लावला आणि वाचली. झाकण्यासाठी आधी वाचावी लागते असं नाही, हे मला माहीत आहे.

वीस तारखेच्या पाठाचं टिपण होतं. छत्री हरवलेल्या म्हाताऱ्याचा धडा. तो माझ्याकडून झालेलाच आहे, नववा. पण टिपणात धड्याखालचे प्रश्न नव्हतेच. एकच प्रश्न लिहिला होता, मोठ्या अक्षरात: तुमचं काय हरवलं आहे? ते सांगा. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने मराठीत, "पद्मा. घाई नको."

बरं झालं वाचली! अहो, असा प्रश्न ट्रस्टींसमोर विचारला तर मुलं काय सांगणार? खोडरबर हरवलं? चप्पल हरवली? आणि उत्तर पुस्तकात नाही! पोरं दगडासारखी उभी राहणार आणि हिची नोकरी जाणार.

आणि पद्मा. चांगल्या मुलीलाही ही घाई नको म्हणते, म्हणजे तिला ती कच्ची वाटते. हिला पारख नाही. आता पद्माची तयारी मी जास्त करून घेणार.

१३ ऑगस्ट, गुरुवार

उत्तर तयार केलं. मॅट्रिकच्या वेळचं थोडं आठवलं, थोडं मी घातलं. आजोबांनी दिलेलं चांदीचं घड्याळ जत्रेत हरवलं. मी फार रडलो. आईने समजावलं की गेलेली वस्तू परत मिळत नाही, पण धडा मिळतो. तेव्हापासून मी सावध असतो. सात वाक्यं. यात घर आहे, बोध आहे, आणि खोडरबर नाही. माझ्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं, सूर्य होता. पण सूर्य जत्रेत हरवत नाही.

मुलांना म्हटलं, वर्गातल्या बाकीच्यांनाही पोचवा, टीचरना कळू न देता. मयंक म्हणाला, "काकी, बधाने एक ज?" सगळ्यांना एकच? मी म्हटलं, देवाला सगळे एकच नैवेद्य दाखवतात, तो कंटाळतो का?

पद्माला वेगळं बसवून पाच वेळा म्हणून घेतलं. पहिल्यांदा ती "लॉस्ट" या शब्दाशी थांबली. मी म्हटलं, थांबायचं नाही, पुढे जायचं. मग गेली. पाचव्यांदा तर असं म्हणाली की घंटेसारखं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

२० ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून तुपाचा दिवा लावून बसले होते. संध्याकाळी मृदुला आली. चपला काढल्या, आत गेली, पाणी प्यायली आणि भांडी घासायला बसली. आज भांड्यांची पाळी तिची नव्हती.

मी विचारलं, "कसा झाला पाठ?"

"ट्रस्टी खूश आहेत. ऑर्डर टाइप करायला सांगितली."

मी देवाकडे वळून हात जोडले.

"आई," ती कढईकडे बघत म्हणाली, "वर्गात एकेचाळीस मुलं आहेत. एकेचाळीस जणांच्या आजोबांनी चांदीचं घड्याळ दिलं. एकेचाळीस जण जत्रेला गेले. सगळी घड्याळं हरवली. ट्रस्टींऐवजी पोलिसांना बोलवायला हवं होतं."

मला हसू आलं. वाटलं, ही थट्टा करते म्हणजे रागावली नाही.

"फतेगंजच्या बाई दहाव्या मुलापर्यंत हसत होत्या. मग त्यांनी वही मिटली. लक्ष्मीकांतभाई मात्र प्रत्येक मुलाला मान डोलवत होते, भजनाला बसल्यासारखे. म्हणाले, आता सगळे वर्ग असेच तयार करा." मग घासणी खाली ठेवून, "पद्मानेही घड्याळच सांगितलं."

"तिचं सगळ्यांत चोख झालं असणार."

"हो," मृदुला म्हणाली. "सगळ्यांत चोख."

आणि उठून गेली. कढई तशीच. हिला कसं कळलं, मयंकने सांगितलं की पत्रिका सापडली, ते विचारायचं धाडस झालं नाही. नोकरी पक्की झाली आणि घरात सुतक असल्यासारखं. चोख म्हणण्यात काय बिघडलं?

२१ ऑगस्ट, शुक्रवार

पद्मा नळावर भेटली. कळशी भरेपर्यंत मी म्हटलं, "काल छान म्हणालीस म्हणे."

"हो काकू. घड्याळ सोपं आहे."

"सोपं म्हणजे?"

"ते माझं नाही ना."

कळशी भरून वाहायला लागली तरी मी बघत उभी. पोरीनेच ती काढून माझ्या हातात दिली.

घरी येऊन कळशी उंबऱ्यातच ठेवली. हे म्हणाले, "चहा?" मी म्हटलं, "मी गाढव आहे." हे म्हणाले, "मग दोन कप कर."

जूनमध्ये मीच त्यांच्याकडे पिठलंभात घेऊन गेले होते. दारात बसलेल्या त्या पोरीला मीच पाणी पाजलं होतं. आणि ऑगस्टमध्ये तिला मीच समोर बसवून पाच वेळा सांगितलं की तुझं घड्याळ हरवलं. थांबायचं नाही, पुढे जायचं.

"घाई नको." पेन्सिलीने लिहिलं होतं. अक्षर ओळखलं, अर्थ नाही. अडतीस मार्कांची बाई. मराठीतही अडतीसच पडायला हवे होते.

२४ ऑगस्ट, सोमवार, हरतालिका

मृदुलाला सांगितलं, "सगळं माझं आहे. सप्ताहही." ती म्हणाली, "माहीत आहे. शेंगदाण्यांची टरफलं वर्गापर्यंत येतात, आई." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मी उपाशीपोटी मांडवीला लक्ष्मीकांतभाईंच्या दुकानात गेले. हंडे, परात, पातेल्यांच्या मधोमध ते बसले होते. मी म्हटलं, "ते घड्याळ माझं. मुलांना मी शिकवलं. सुनेचा त्यात हात नाही."

त्यांनी हात जोडले. "तो बेन, तमे ज भणावो ने!" तुम्हीच शिकवा! मंगळवार-शुक्रवार येऊन सगळ्या वर्गांचं पाठ करून घ्या म्हणाले. एक क्षण, लिहायला लाज वाटते, एक क्षण मी स्वतःला शाळेच्या व्हरांड्यात चष्मा लावून चालताना पाहिलं.

मग ते म्हणाले, "पण तुमची वहू अजब छे. सकाळी येऊन गेली. म्हणाली, तो पाठ माझा नव्हता, ऑर्डर देऊ नका, पुन्हा बघायला या. चाळीस वर्षांत पास झालेला माणूस परत परीक्षा मागताना मी पहिल्यांदा पाहिला."

टाइप झालेली ऑर्डर परत केली! "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, येतो. पण या वेळी पटलं नाही तर मग कायमची नाही. अकरा सप्टेंबर. आणि बेन, तुम्ही त्या दिवशी माझ्या शेजारी बसायचं, छेल्ल्या, शेवटच्या बाकावर. तुम्ही बाहेर असलात तर मला भरवसा नाही."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हट्टी आहे सून. तुझ्यावर गेली." ती माझ्या पोटची नाही, याची त्यांना आठवण करून द्यावीशी वाटली नाही.

२ सप्टेंबर, बुधवार

गणपती चालू आहेत. मुलं आरतीला येतात आणि मला विचारतात, "काकी, अकरा तारखेला शुं बोलवानुं?" काय बोलायचं? मी म्हणते, "मला माहीत नाही." हे तीन शब्द म्हणायला मला पंचावन्न वर्षं लागली. आरती संपली की ओठ घट्ट मिटून आत जाते. पद्मा विचारत नाही.

मृदुलाशी बोलणं जेवणापुरतं. आज मात्र तिने विचारलं, "त्या दिवशी येणार ना?" मी म्हटलं, "लक्ष्मीकांतभाईंचा हुकूमच आहे." ती म्हणाली, "मी विचारते आहे."

येते म्हणाले.

१० सप्टेंबर, गुरुवार

पितृपंधरवडा लागला. या दिवसांत कोणी काही नवं करत नाही, आणि हिची परीक्षा उद्या. नवस बोलायची हिंमत नाही. मागचा फळला होता.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आधी निकाल लिहिते. मृदुला कायम झाली. कागद सोमवारी मिळेल. लक्ष्मीकांतभाई बाहेर पडताना हेडमास्तरांना म्हणाले, "एकेचाळीस मुलं, आणि शेवटी एकही खोकललं नाही. असं आमच्या मंदिरात पण थतुं नथी." मंदिरातसुद्धा होत नाही, म्हणे.

आता झालं कसं ते.

मी शेवटच्या बाकावर, गुडघे टेबलाला टेकलेले. शेजारी लक्ष्मीकांतभाई, त्यांच्या पलीकडे फतेगंजच्या बाई. मृदुलाने तोच धडा घेतला, तीच छत्री, आणि तोच प्रश्न. तुमचं काय हरवलं आहे?

कोणीच बोलेना. घड्याळ म्हणायचं नाही एवढंच मुलांना माहीत होतं. दुसरं त्यांच्याजवळ काही ठेवलंच नव्हतं मी. मयंक वर पंख्याकडे बघत होता. मृदुला फळ्यापाशी नुसती उभी. ना रागावली, ना सुचवलं. दोन मिनिटं गेली असतील, मला एकशेआठ प्रदक्षिणांसारखी वाटली. लक्ष्मीकांतभाईंनी मनगट उलटं केलं. फतेगंजच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं.

आणि मी उभी राहिले. का ते देवाला ठाऊक. यात त्याचं काम नव्हतं एवढं मात्र मी सांगते. उभं राहिल्यावर पहिलं तोंडात आलं ते थंड हवेचं ठिकाण. देवदारापर्यंत आलेलं मी गिळलं.

म्हटलं, "आय लॉस्ट माय नेम."

एकेचाळीस मानांनी मागे वळून पाहिलं. आता बसताही येईना. म्हणाले, बिफोर मॅरेज, राजेश्वरी. आफ्टर मॅरेज, कुसुमावती. पुढचं इंग्रजीत कुठून आणू? ह्यांच्या घरी एक राजेश्वरी आत्या आधीच होत्या, एका घरात दोन नकोत, म्हणून ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट अजून राजेश्वरीचंच आहे, आणि ती बाई आता कुठे सापडत नाही. एवढं सगळं मला सांगायचं होतं. मी हाताने हवेत ताट काढलं, त्यात बोटाने अक्षरं काढली, आणि म्हटलं, "राइस. रिंग. न्यू नेम. नोबडी आस्क मी."

वाक्य अशुद्ध होतं, हे मला म्हणतानाच कळलं. तरी ते माझंच होतं. कोणत्याही गाइडातून आलेलं नव्हतं. इतकं वाईट गाइड छापतच नाहीत.

मयंकने हात वर केला. "काकी, यू क्राय?"

"नो," मी म्हटलं. खरं काय झालं होतं ते आठवलं. "आय मेक चपाती. फिफ्टी."

वर्ग हसला. मृदुलाही हसली, तोंडावर हात ठेवून. मग एकाने विचारलं, जुनं नाव आवडतं की नवं? दुसरीने विचारलं, काकांना माहीत आहे का? तेही इंग्रजीत, मोडक्यातोडक्या, आणि त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी काहीतरी उत्तरं दिली. मयंक म्हणाला, त्याचा पतंग हरवला, आणि मित्रही, कारण पतंग मित्रानेच कापला होता. कोणाची मांजर. कोणाचं जुनं घर. एका मुलाचं खोडरबर! आणि त्याने ते इतक्या मजेत सांगितलं की लक्ष्मीकांतभाईसुद्धा हसले.

मग पद्मा उठली. हात वर केला नाही, नुसती उठली.

ती हळू बोलत होती. मधे मधे थांबत होती. एका जागी इतकी थांबली की माझ्या जिभेवर पुढचा शब्द आला, कुठला तरी, कुठलाही. मृदुलाने तो पुरवला नाही. मी पदराचं टोक दातांत धरलं. मग तिने स्वतःच कुठून तरी शब्द आणला आणि वाक्य पुढे गेलं. मला सगळं कळलं नाही. फादर कळलं. सायकल कळलं. घंटी, संध्याकाळ, आणि दार. मुलांना मात्र सगळं कळत होतं. मयंक बाकाकडे बघत होता, आणि तिच्या शेजारच्या मुलीने तिची ओढणी मुठीत धरली होती.

ती बसली. मृदुलाने हातातला खडू फळ्याखाली ठेवला.

लक्ष्मीकांतभाई माझ्याकडे झुकले. त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही, हे मला तेव्हा कळलं. "बेन, शुं कह्युं एणे?" त्यांनी हळूच विचारलं. काय म्हणाली ती?

मी म्हटलं, "मला नाही ठाऊक, भाई. मी शिकवलेलं नाही."